पहिला ठोका पुनाजीचा

पुलगाव, ८ नोव्हेंबर १९५६

प्रेमदास,

आशीर्वाद आधी लिहायचे असतात. पण आत्ता लिहिले तर ते दात-ओठ खाऊन दिल्यासारखे होतील, म्हणून शेवटी लिहीन, आठवण राहिली तर.

दोन महिन्यांत मी तुला तीन पत्रं पाठवली. पाठपोट लिहिलेली, समासातसुद्धा मजकूर. त्यावर काल तुझं कार्ड आलं. कार्डावर एक ओळ : “पुनाजीकाका किती दिवस आजारी होते?” खाली सहीसुद्धा नाही. पोस्टमनने ते दारातच वाचलं, उलटून पाहिलं आणि मला म्हणाला, “मास्तर, भाच्यानं इतकंच लिवलं?” सख्ख्या मामाची अशी शोभा करायला तुला तीन पैशांचं कार्ड पुरलं.

मी मागेच कळवलं होतं, तेच पुन्हा लिहितो. वैशाखात ताप आला आणि माणूस अचानक गेला. आता दिवस मोजून काय होणार? तो विषय पुरे.

कामाचं बोलतो. तुळशीचं लग्न आठ दिवसांवर आलं. त्यानंतर लग्नसराई, आणि आपल्या प्रभात बँडमध्ये म्हैस वाजवायला माणूस नाही. तू येऊन जा. निदान मार्गशीर्षापुरता ये. १ तारखेपासून आपण मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात आलो, म्हणजे तू आणि मी आता एकाच राज्याचे रहिवासी. सरकारला जमलं ते तुला जमू नये?

तू म्हणशील, म्हशीवाचून बँड अडतो का? साऱ्या जिल्ह्यात कोणाचा अडत नाही. माझा अडतो, आणि तो का अडतो हे तुला पुरतं माहीत आहे. पुनाजीला बँडमध्ये आणला तो मी, हे मात्र तू सोयीने विसरतोस. लढाईच्या वर्षांत दारूगोळ्याच्या डेपोच्या साहेबांच्या क्लबात जॅझ वाजायचं, तिथे तो खुर्च्या मांडायला होता. गोव्याचा बासवाला आजारी पडला म्हणून त्या माणसाएवढ्या फिडलपाशी, डबल बासपाशी, याला उभं केलं. एका गोंडाच्या हाताला ते वाद्य असं काही बसलं, की साहेब देश सोडून जाईपर्यंत याला कोणी तिथून हलवलं नाही. जाताना ते धूड त्यालाच देऊन गेले. पुलगावने त्याचं नाव म्हैस ठेवलं. लग्नाच्या वरातीत ठेल्यावर बांधून म्हैस फिरवणारा दुसरा मास्तर मला दाखव! लोक हसले. मी हसू दिलं.

पण क्लबात ठीक होतं, रस्त्यात काय? माझं क्लॅरिनेट, चार कॉर्नेट, बापूरावचा मोठा ढोल. त्यात त्या चार तारा कोणाला ऐकू येणार? तेव्हा त्याने हट्ट धरला, “पह्यला ठोका माया. तेवढ्या वेळ तुमी सारे चूप राहा, मास्तर.” मी महिनाभर भांडलो. लग्नाचा बँड चूप राहिला तर लोक पैसे कशाचे देतील? पण एकदा करून पाहिलं. दर आवर्तनाला सगळे थबकायचे, त्या पोकळीत त्याचा एकटा धुम् पडायचा, आणि मग आम्ही सगळे त्याच्यावर तुटून पडायचो. वरातीतले म्हातारेसुद्धा खांदे उडवायला लागले.

आता तो धुम् गेला. थबकणं राहिलं आहे.

म्हैस माझ्या बैठकीत धोतर पांघरून उभी आहे. ये आणि घेऊन जा म्हटलं तरी चालेल, पण आधी सराई वाजवून दे.

आशीर्वाद.
तुझा मामा,
भैयाजी

पुलगाव, २ डिसेंबर १९५६

प्रेमदास,

उत्तर नाही. ठीक आहे. मी बोलत राहतो, माझा तोच धंदा.

परवा आंजी (मोठी)ला वरात होती. जायच्या आधी मी सगळ्यांना अंगणात उभं करून बजावलं होतं की आता पुनाजी नाही, तेव्हा पहिला ठोका ढोलाने भरायचा. अरे, सोपी गोष्ट आहे! जगातले सगळे ढोल पहिल्या ठोक्यावरच पडतात. बापूरावने मान डोलावली. आंजीला वेशीत वरात लागली, मी सूर धरला, आवर्तन फिरून आलं, आणि बापूरावचा हात वर गेला तो वरच. सगळे चूप. भर रस्त्यात एवढा थोरला खड्डा. मग दुसऱ्या ठोक्याला सगळे धावून आले, नेहमीसारखे.

वरात संपल्यावर मी त्याला बाजूला घेतलं. “काऊन रे, ढोल फुटला का तुया?”

“नाई मास्तर.”

“मंग हात काऊन नाई पडत?”

तो बिचारा स्वतःचा हात बघायला लागला. “मी पाडतो, तो पडत नाई. मले वाटते पुनाजी वाजवून राह्यला. म्या मधातच वाजवलं तं त्याचा आवाज दबन.”

“पुनाजी मेला, बापूराव.”

“ते मले माहीत हाय,” तो म्हणाला. “हाताले कोन सांगन?”

आता या माणसाशी काय बोलायचं? पन्नाशीचा गडी, नातवंडं आहेत. कालच्या वरातीत मी त्याच्या जागी कॉर्नेटवाल्याला भरायला सांगितलं, तर त्याचा श्वासच त्या ठोक्यावर घ्यायचा ठरलेला. म्हणे आठ वर्षं तिथेच श्वास घेतला, आता दुसरीकडे घेतला तर छातीत कळ येते. मीच वाजवावं म्हटलं, तर ऐक, लपवत नाही : माझंही बोट उठलं नाही. सातव्या वेळी मी ठरवून वाजवलं, आणि तो सूर इतका उघडा पडला की नवरदेवाने वळून पाहिलं.

अठरा जणांचा बँड आणि अठराही जण एका मेलेल्या माणसासाठी जागा सोडून चालतात. मास्तर मी आहे, प्रेमदास! पाटीवर माझं नाव आहे. तो हयात होता तेव्हाही पोरं माझ्या हाताकडे न बघता त्याच्या मानेकडे बघायची. मी म्हटलं, चला, आता तरी बघतील. कुठलं काय.

तू होतास तेव्हा दुपारी त्याच्या घरी जाऊन म्हैस शिकायचास. मला चोरून जातोस असं तुला वाटायचं. मला सगळं माहीत होतं. तू मुंबईला निघालास त्या दिवशी स्टेशनवर मी जे बोललो, नमकहराम वगैरे, ते सगळ्यांदेखत बोलायला नको होतं. एवढं लिहितो, याहून जास्त माझ्याकडून होणार नाही. तुझी आई असती तर तिने आपल्या दोघांच्या कानाखाली वाजवून प्रकरण केव्हाच मिटवलं असतं.

ये.

मामा

पुलगाव, १७ फेब्रुवारी १९५७

प्रेमदास,

तुझं दुसरं कार्ड पोचलं. तीच ओळ. “पुनाजीकाका किती दिवस आजारी होते?” अक्षरसुद्धा तेच, जणू छापून ठेवली आहेत. तुला कोणी काही सांगितलं आहे का? सांगितलं असेल तर त्याचं नाव लिही. तिकडे मुंबईत बसून माझी उलटतपासणी घेऊ नकोस. तू वकील झालेला नाहीस, हॉटेलात वाजवतोस.

इथे माझ्या डोक्याला काय ताप आहे तो ऐक. पौष गेला, लग्नं पुन्हा सुरू झाली. परवा आर्वीला एका चौकात दोन वराती समोरासमोर आल्या. दुसरा बँड अण्णाजीचा. तोच तो अण्णाजी, ज्याची अर्धी माणसं सुरात नसतात आणि उरलेली शुद्धीत नसतात. मी म्हटलं, बघू या बुवा काय वाजवतात. त्यांनी चाल धरली, आवर्तन फिरलं आणि सगळे थबकले! पहिला ठोका रिकामा! त्यांच्याकडे म्हैस नाही, कधी नव्हती. त्यातल्या निम्म्यांनी पुनाजीला जन्मात पाहिलेलं नाही. आणि पुढे नाचणारी पोरं बरोबर त्या रिकाम्या ठोक्याला एक पाय वर उचलून धरत होती, आणि दुसऱ्याला आपटत होती.

मी सरळ अण्णाजीला जाऊन धरलं. “हे काय वाजवून राह्यले तुमी?”

तो खूश होऊन म्हणाला, “पुलगावची थांबती चाल, मास्तर! तुमच्याचपासून शिकलो. लोकं दुसरी आयकतच नाईत आता. रोहण्याले तं त्याइनं बयाना देतानाच सांगितलं, थांबती वाजवसान तं या.”

“अरे, ती चाल नाई. तिथं आमचा मानूस कमी हाय!”

तो हसला. त्याला वाटलं मी गुपित लपवतो आहे. जाताना मला पान दिलं आणि म्हणाला, “मोठ्या लोकायचं असंच राह्यते.”

कपाळावर हात मारून घेतला मी. आमचं मोडलेलं हाड बघून गावाने लंगडायची फॅशन काढली, असं झालं आहे. काल नालवाडीला हळदीच्या गाण्याला बायका टाळ्या वाजवत होत्या, त्यासुद्धा पहिली टाळी सोडून. हातांचे तळवे समोरासमोर आणायचे आणि वाजवायचे नाहीत. मी तिथून उठून बाहेर आलो.

खरं सांगू? मला ते ऐकवत नाही. बाकीच्यांना ती गंमत वाटते. मला तो जो ठोका पडत नाही ना, त्यात कोणीतरी वाट बघत बसलं आहे असं वाटतं. दर आवर्तनाला. एका वरातीत तीनशेदा.

तू येऊन एकदा तो भरून दे. मग पुन्हा जा. मी अडवणार नाही.

मामा

पुलगाव, २४ मार्च १९५७

प्रेमदास,

तू येत नाहीस म्हटल्यावर मी स्वतःच म्हैस वाजवायचं ठरवलं. हस, हस. महिनाभर दारं लावून घासलं. बोटांना फोड आले, ते फुटले, त्यांचे घट्टे झाले. क्लॅरिनेट वाजवणाऱ्याला या वयात ते धूड कवटाळून उभं राहणं काय असतं, ते तुला कळेल. मला फक्त तो एक धुम् हवा होता. बाकीचं जॅझ त्याचं त्याला लखलाभ.

काल हिंगणघाटच्या वरातीत म्हैस ठेल्यावर चढवली. बँडमधल्या कोणाला आधी सांगितलं नव्हतं. सगळे बघत राहिले. क्लॅरिनेट मी दुसऱ्याच्या हातात दिलं आणि ठेल्याशेजारी चालायला लागलो. आवर्तन फिरून आलं, सगळे थबकले, आणि मी तार ओढली. धुम् निघाला. बरा निघाला, प्रेमदास. खोटं नाही सांगत. ठेल्याच्या चाकापर्यंत थरथर गेली.

आणि बँड बंद पडला. कोणी दुसऱ्या ठोक्याला आलंच नाही. अठरा जणांनी वाद्यं खाली घेतली. नवरदेवाचा घोडासुद्धा उभा राहिला.

बापूराव गळ्यात ढोल घेऊन माझ्यासमोर आला. त्याला मोठ्याने बोलता येत नाही, तुला माहीतच आहे. हळूच म्हणाला, “मास्तर, ते जागा तुमी नका भरू.”

“मंग कोन भरन? तुया बाप?”

“प्रेमदास येईन, तो वाजवन. नाई आला तं जागा रिकामी राहू द्या.” मग त्याने विचारलं, “तुमी प्रेमदासले तार केली होती ना, मास्तर? मागच्या वैशाखात?”

सगळे ऐकत होते.

मी म्हणालो, “केली होती.”

तो मान हलवून आपल्या जागेवर गेला. मी म्हैस सोडली, क्लॅरिनेट परत घेतलं, वरात पुढे नेली. थबकत थबकत.

हे पत्र इथेच थांबवतो. तुझी ती कार्डं मी फाडून टाकली आहेत. पुन्हा पाठवू नकोस.

मामा

पुलगाव स्टेशन, ४ मे १९५७

प्रेमदास,

अकरा दिवस.

पुनाजी अकरा दिवस आजारी होता. मुदतीचा ताप. अचानक गेला हे मी तुला खोटं कळवलं. हे आधी लिहून टाकतो, कारण यापूर्वी दोनदा ही गोष्ट शेवटी लिहायची म्हणून बसलो आणि शेवट आला की पत्र फाडलं. म्हणून आज घरी लिहीत नाही. स्टेशनच्या बाकावर बसून लिहितो आहे. मेल आली की तिच्या डाकेच्या डब्यातच टाकणार.

सातव्या दिवशी त्याने तुझं नाव काढलं. मी तापाचं बोलणं समजून सोडून दिलं, पण तो शुद्धीत होता. म्हणाला, “मास्तर, पोट्ट्याले बोलवा. त्याले एक गोष्ट दाखवाची राहिली.” मी विचारलं, कोणती? तर म्हणाला, “सांगता येत नाई, हातानंच दाखवा लागते.” मी उठून इथेच, या स्टेशनवर, तारबाबूकडे आलो. फॉर्म घेतला. तुझा पत्ता लिहिला. खरंच लिहिला. मग खिशात घालून घरी गेलो.

का, ते लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. लोक विचारतील तर मी सांगतो की तीन वराती होत्या, गडबड होती. होत्या तीन. पण तार करायला किती वेळ लागतो? तू आला असतास तर मी बोलावलं म्हणून आला असतास, आणि स्टेशनवर जे बोललो ते मला सगळ्यांदेखत गिळावं लागलं असतं. आणि त्याने ती जी काय गोष्ट होती ती तुला दाखवली असती, मला नाही. आठ वर्षं मी त्याच्या शेजारी चाललो. त्याला बँडमध्ये मी आणला. मला तो कधी म्हणाला नाही की मास्तर, या, तुम्हाला एक गोष्ट दाखवतो. त्या रागाने मी फॉर्म खिशात ठेवला. आणि तो मरेल असं मला वाटलं नव्हतं, हेही खरं आहे, पण त्याचा आता कोणाला उपयोग नाही.

त्याचं घर मालधक्क्याच्या मागे, गाड्यांचा आवाज थेट अंथरुणापर्यंत. मी रोज जाऊन बसायचो. मुंबईकडची गाडी आली की तो विचारायचा, “आला का?” मी सांगायचो, तार केली आहे, पण गाड्या लेट आहेत. चार दिवस! चौथ्या दिवशी तो हसला. म्हणाला, “लढाईतबी गाडी इतकी लेट होत नोती, मास्तर.” मग बायकोशी, रुखमाशी, गोंडीत काहीतरी बोलला. मला त्यातलं तुझं नाव तेवढं कळलं. माझ्याशी तो पुन्हा बोलला नाही. दुसऱ्या दिवशी गेला.

त्याला कळलं होतं. एवढं समजायला मला गोंडी यायला नको.

रुखमाला मात्र मी सांगितलं की तार केली होती, प्रेमदास आला नाही. तिने ते खरं मानलं. घर सोडून ती रोहण्याला भावाकडे राहायला गेली. काल अक्षय्यतृतीयेची वरात उरकून आज सकाळी मी नॅरोगेजच्या छोट्या गाडीने तिच्याकडे गेलो. ती अंगणात मोहाची फुलं उन्हात पसरत होती. मी तिथेच समोर बसून सगळं सांगितलं. तिने फुलं पसरणं थांबवलं नाही. संपवून हात झटकले, आणि म्हणाली,

“वरीसभर त्या पोराले शिव्या देल्या म्या. सकाळी उठलं का पह्यली शिवी त्याले. आता मी काय करू, मास्तर?”

मी म्हटलं, “मले दे.”

“तुमाले देऊन काय होते? तुमी तं समोर बसले,” ती म्हणाली. “पोरगा तिकडं बसून समजत असन का त्याच्या काकानं त्याची आठोनबी काढली नाई. त्याले सांगा. आजच सांगा.”

मी पाणी मागितलं. तिने दिलं. जेवायला थांबा म्हणाली नाही. परतीच्या गाडीची वेळ तिनेच सांगितली, म्हणजे मला उठावं लागलं.

पुनाजीला तुला काय दाखवायचं होतं ते मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. ते मी घालवलं. म्हैस वाजवणारा पुन्हा मिळेल, बँड बंद पडला तर पडेल, ती जागा रिकामी राहील तर राहू दे, अण्णाजीसारखे शंभर जण ती शिकतील. पण जी गोष्ट त्याने तुझ्यासाठी हातात राखून ठेवली होती ती त्या चार दिवसांत तुझ्यापर्यंत पोचली असती, आणि मी मधे बसलो होतो.

आजवर प्रत्येक पत्रात ये, ये लिहिलं. या पत्रात लिहीत नाही. तुला यायचं असेल तर माझ्याकडे येऊ नकोस, रोहण्याला रुखमाकडे जा. तिला तुझ्याशी बोलायचं आहे. मी बापूरावलाही उद्या सगळ्यांसमोर सांगणार आहे. त्यानंतर ते अठरा जण माझ्यामागे वाजवतील की नाही, ते त्यांनी ठरवावं.

घंटा झाली. हमाल म्हणतो आहे, मुंबईची मेल अगदी वेळेवर आहे.

भैयाजी